रात्रीची हाक



"आपल्या घरात काही चोरीचा माल नाही. मग सरकारने नजर ठेवली तर बिघडले काय?" असे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. पुढे खरकसिंगाची हकीगत कळली आणि आम्ही विचारात पडलो.

खरकसिंग उत्तर प्रदेशातला. १९४१ साली त्याच्यावर दरोड्याचा आळ आला. पुरावा मिळेना, म्हणून त्याला सोडून दिले. पण पोलिसांच्या दप्तरातले त्याचे नाव काही गेले नाही. त्याच्यावर पाळत बसली. त्याची तक्रार अशी होती : गावचा चौकीदार, म्हणजे आपल्याकडचा कोतवालच समजा, आणि कधी पोलीस शिपाई रात्री-बेरात्री दारावर थापा मारीत. हाका मारून उठवीत. कधी झोपेतून उठवून ठाण्यावर नेत. परगावी जायचे तर तेही आधी सांगून जायचे.

आपल्याच घरी असे झाले तर? लेकरे निजली आहेत आणि दार वाजते आहे. गुन्हा शाबीत नाही, तरी सकाळी शेजारी काय बोलतील?

खरकसिंग थेट सुप्रीम कोर्टात गेला. डिसेंबर १९६२ मध्ये निकाल लागला. रात्री घरी जाऊन उठवणे कोर्टाने बंद केले. बाकीची पाळत मात्र राहिली. खाजगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही, असे कोर्ट म्हणाले. सहापैकी दोघा न्यायमूर्तींचे मत निराळे होते.

त्या दोघांचे म्हणणे खरे ठरायला जवळजवळ ५५ वर्षे लागली. आणि ठरले ते आधारच्या निमित्ताने. देशातले पहिले आधार आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले, २९ सप्टेंबर २०१० ला. बोटांचे ठसे, डोळ्यांची खूण, सारे यंत्रात गेले. २०१२ साली के. एस. पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायाधीश याविरुद्ध कोर्टात गेले. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

म्हणून सरकारने पाळत ठेवायचीच नाही, असे नव्हे. दरोडेखोर पकडायचे तर ती लागतेच, आणि ते आम्हांलाही हवे आहे. पण त्याला कायदा पाहिजे, रास्त कारण पाहिजे, आणि नजर कामापुरतीच पाहिजे. २०१८ च्या निकालात कोर्टाने आधार कायम ठेवले. सरकारी अनुदानाला ते मागता येते. पण मोबाइलला आणि बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. शाळेत मुलाचे नाव घालायलाही सक्ती नाही.

हे वर्गात सांगत होतो, तेव्हा एका बाईंनी विचारले, "मग दुकानदार झेरॉक्स घेतो, तिचे काय करतो?" आम्ही जाऊन विचारले. त्याने बिचाऱ्याने खण उघडून दाखवला. अर्ध्या गावाची आधार कार्डे तिथे पडली होती. खालची दोन-चार उंदरांनी कुरतडली होती.