एकट्याची शर्यत, साऱ्यांची तालीम

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल चालवणं आणि धावणं, तिन्ही एकामागून एक. मध्ये विश्रांती नाही. शर्यत सुटली की घड्याळ जे सुरू होतं, ते अंतिम रेषेवरच थांबतं. ओले केस पुसण्यात आणि बूट चढवण्यात गेलेला वेळही त्यातच धरतात. ऑलिंपिकमध्ये हा खेळ 2000 साली सिडनीला आला. तिथलं अंतर दीड किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणं. त्याच्या निम्म्या अंतराची शर्यत असते, तिला स्प्रिंट म्हणतात. नवख्यानं तिथून सुरुवात करावी. मीही तशीच केली, पंचेचाळिशी उलटल्यावर, बँकेतली नोकरी आणि घर सांभाळून.

या खेळाचा एक नियम मला सुरुवातीला फार कडक वाटला. शर्यत चालू असताना बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. घरच्यांनी रस्त्याकडेला उभं राहून ओरडावं हवं तेवढं, पण पाण्याची बाटली पुढं करायची नाही. पाणी संयोजकांच्या टेबलावरूनच घ्यायचं. हौशी स्पर्धांत सहसा पुढच्या सायकलीच्या आडोशाला राहून वारा चुकवायलाही बंदी असते. म्हणजे उरतं काय? जी काही मदत घ्यायची, ती शर्यतीच्या आधी घेऊन ठेवायची.

क्लब असतो तो यासाठी. हा खेळ जन्मलाही क्लबातच. 1974 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या सॅन दिएगो ट्रॅक क्लबच्या दोघा सभासदांनी, जॅक जॉनस्टोन आणि डॉन शानाहन यांनी, मिशन बे इथं पहिली शर्यत भरवली. रोजच्या धावण्याच्या सरावात जरा बदल, एवढाच हेतू. त्या दिवशी धावलेल्यांत जॉन कॉलिन्स नावाचे नौदल अधिकारी होते. त्यांनीच पुढं 1978 मध्ये हवाईत आयर्नमॅन ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन सुरू केली. तिच्या पहिल्या वर्षी 15 जण उतरले आणि 12 जणांनी ती पुरी केली. आज गोव्यात मिरामारला आयर्नमॅनची अर्ध्या अंतराची शर्यत होते, तेव्हा कोल्हापूर-पुण्याचे कितीतरी लोक सायकली गाडीवर बांधून तिकडं निघतात.

एकट्याच्या शर्यतीमागं सगळा क्लब असतो, हे कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको. मल्ल हौद्यात एकटाच उतरतो, पण त्याच्या अंगात सगळी तालीम मुरलेली असते.

आमच्या क्लबात निवृत्त मुख्याध्यापक आहेत, दुधाच्या टँकरवरचे ड्रायव्हर आहेत, कॉलेजची पोरं आहेत. तिथला पहिला धडा पाण्यातला. मला तलावात पोहता येत होतं, असा माझा समज होता. खरं तर मला टँकमध्ये पोहता येत होतं. टँकच्या तळाला रेघ असते, ती धरून आपण सरळ जातो. राजाराम तलावात खाली बघितलं की नुसता हिरवा काळोख. कोच म्हणाले, "वैनी, खाली काय बघताय? सहा हात मारा, डोकं वर काढा, पलीकडचं झाड धरा. झाड सुटलं की रस्ता सुटला." मग त्यांनी टँकमधल्या दोऱ्या काढल्या आणि आम्हा सगळ्यांना एका घोळक्यात पोहायला लावलं. कुणाचा हात पाठीवर, कुणाची लाथ खांद्यावर. त्यावर उपाय ठरलेला: थांबायचं नाही, उताणं व्हायचं, दोन श्वास घ्यायचे, परत पालथं होऊन निघायचं. आठवडाभर हेच. शेवटी लाथ बसली तरी कुणी काही म्हणेना.

दुसरा धडा रविवारचा. पन्हाळ्याच्या रस्त्यानं सायकल मारून यायचं आणि उतरल्या उतरल्या धावायला लागायचं. याला ब्रिक म्हणतात. सायकलवर बराच वेळ एकाच चालीत फिरलेल्या मांड्या धावण्याच्या हालचालीला लगेच वळत नाहीत. पाय आपले वाटतच नाहीत. पहिल्यांदा हे होतं तेव्हा माणूस घाबरतो, काहीतरी बिघडलं म्हणून बसकण मारतो. शेजारी टँकरवाले दादा त्याच अवस्थेत धावत होते. म्हणाले, "बारकी पावलं टाका ताई, किलोमीटरभरात सुटतंय." आणि सुटलं.

बारीकसारीक गोष्टी तर कितीतरी. बुटाला नाडीऐवजी इलॅस्टिक लावायचं. बुटात आधीच पावडर टाकून ठेवायची, म्हणजे ओला पाय सरकतो. आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकलीला हात. उलटं केलं तर दंड. हे आम्ही एकाच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, जमिनीवर टॉवेल अंथरून, वॉचमनच्या देखत घोटलं.

शर्यतीच्या सकाळी तलावात पहिल्याच वळणावर कुणाचा तरी पाय लागून माझा गॉगल सरकला आणि डोळ्यांत पाणी गेलं. विचार करायला वेळच नव्हता. अंग आपोआप उताणं झालं, गॉगल बसवला, दोन श्वास घेतले, पालथी झाले. सायकलवरून उतरल्यावर पाय रुसले, तेव्हा बारकी पावलं टाकली. धावताना वळसा घेऊन परत येणारे मुख्याध्यापक समोरून आले. मदत करायची नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी फक्त दोन बोटं वर केली: दोन किलोमीटर राहिले.

मी पहिल्या दहांत नव्हते, पन्नासांतही नव्हते. दिलेल्या वेळेत आले आणि गळ्यात पदक पडलं.

श्रोतेहो, कुणाला या वाटेनं यावंसं वाटलं, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. पोहणं येत नसेल तर ते नीट शिका, आणि उघड्या पाण्यात एकट्यानं कधीच उतरू नका. महागडी सायकल लागत नाही, घरातली धड ब्रेक लागणारी सायकल सुरुवातीला चालते. घड्याळाआधी माणसं जमवा. शर्यतीत तुम्हाला कुणी काही देऊ शकणार नाही, पण त्याआधी मागाल तेवढं द्यायला ती तयार असतात.