‘पाय दुखते जी, सर’
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. पण आपली मुलं आता एवढी मोठी झाली आहेत की त्या संधी त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. म्हणून काल रात्री आयोजकांना फोन करून विषय बदलून घेतला. मी सिकलसेलवर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. अकरावीत जीवशास्त्र सुटलं ते सुटलंच. पण पुढे माझ्याच एका रिपोर्टमुळे मला हा विषय शिकावा लागला, आणि शिकताना सारखा आपला वर्ग डोळ्यांसमोर येत राहिला.

आपल्या वर्गात तो होता. नाव घेत नाही, तुम्हाला कळेलच. रोवणीच्या दिवसांत आठ-आठ दिवस गैरहजर असायचा, परत आला की लंगडत चालायचा. डोळे पिवळट, म्हणून आपण त्याला काय म्हणायचो तेही तुम्हाला आठवत असेल. खेळाच्या तासाला तो कडेला बसायचा आणि विचारलं की म्हणायचा, “पाय दुखते जी, सर.” एकदा त्याला बहाणेबाज ठरवून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. कोणत्या सरांनी, ते सांगत नाही. त्यांची एकट्याची चूक मोजायलाही मी उभी नाही, कारण बाकावर बसून हसणारे आपण चाळीस जण होतो. त्यात मीही होते. दहावीचा पेपर त्याने दिला. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना घरून पत्र आलं, त्यात शेवटी एक ओळ होती : तो तापाने गेला.

तापाने कसं कोण जातं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

आता जरा शरीराच्या आत जाऊ. लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं, एकेका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू. ते फुप्फुसात ऑक्सिजन उचलतं आणि जिथे गरज आहे तिथे सोडतं. त्याच्या एका साखळीत, जिला बीटा म्हणतात, १४६ अमिनो आम्लं ठरलेल्या क्रमाने ओवलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यातलं सहावं चुकतं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. आणि ते का येतं, तर अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात ‘जीएजी’ लिहायचं तिथे ‘जीटीजी’ लिहिलं गेलं आहे. आपला जनुकीय मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. त्यातलं एक अक्षर.

माझ्या धंद्यात अशा चुका रोज भेटतात. ज्या चुकीने प्रोग्राम सुरूच होत नाही ती बरी, लगेच पकडली जाते. वाईट चूक ती, जिच्यासकट सगळं सुरळीत चालतं आणि ताण आला की कोसळतं. हे हिमोग्लोबिन तसंच आहे. ऑक्सिजन धरून असतं तोवर ते नेहमीसारखं वागतं. ऑक्सिजन सोडला की गडबड सुरू. ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारं, व्हॅलिन तेलासारखं पाण्यापासून पळणारं. ते शेजारच्या रेणूवरच्या एका खाचेत जाऊन बसतं, त्याला तिसरा रेणू चिकटतो, आणि बघता बघता पेशीच्या आत कडक दोरे तयार होतात. गोल, लवचिक पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते. ‘सिकल’ म्हणजे विळा. धान कापणाऱ्या गावाला त्याचा आकार मी काय सांगणार!

ही पेशी फुप्फुसात परत गेली, ऑक्सिजन मिळाला, की पहिल्या काही वेळा पुन्हा गोल होते. पण पुन्हा पुन्हा वाकून तिचं आवरण बिघडतं आणि मग ती विळाच राहते. चांगली लाल पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २०. एवढ्या पेशी फुटत राहिल्या की त्यांतला पिवळा रंग रक्तात साचतो. आपण ज्या पिवळेपणावर नाव ठेवलं होतं तो हा. घरोघरी त्याला कावीळ समजून झाडपाल्याची औषधं दिली जायची. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्याही. पण हे रक्त लोहाअभावी कमी झालेलं नसतं, त्यामुळे तपासणी न करता दिलेल्या त्या गोळ्यांनी मूळ दुखणं हलत नाही.

आणि पाय? बारीक रक्तवाहिन्या इतक्या अरुंद असतात की गोल पेशीलाही अंग चोरून जावं लागतं. विळे तिथे अडकतात, वाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, मागे रांग लागते. पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही. तिथल्या पेशींची ऊर्जा संपते, मीठ-पाणी बाहेर ढकलणारे पंप बंद पडतात, पेशी फुगतात. थोड्या वेळात रक्त परत आलं तर त्या सावरतात. नाही आलं तर मरतात. हाडाच्या आतला भाग असा मरायला लागला की जी वेदना होते, तिच्यासाठी मोठ्या माणसांनाही मॉर्फिन द्यावं लागतं. खुब्याच्या हाडाचा गोळा असाच हळूहळू खचतो, म्हणून लंगडणं.

हे केव्हा होतं? अंगातलं पाणी कमी झालं की, थंडी लागली की, ताप आला की, दमछाक झाली की. आता आपल्या गावाचं वर्ष आठवा. आषाढ-श्रावणात दिवसभर बांधीत, पावसात, गुडघाभर चिखलात रोवणी. थंडीत सकाळी सातची शाळा. उन्हाळ्यात तेंदूपत्ता. आणि मधल्या काळात मैदानाला फेऱ्या. त्याला त्रास द्यायचा म्हणून कोणी वेळापत्रक आखलं असतं तर याहून वेगळं झालं नसतं.

तापाचं उत्तर प्लीहेत आहे. पोटात डावीकडे, बरगड्यांखाली हा अवयव असतो. रक्त गाळणं आणि काही विशिष्ट जिवाणूंना, मुख्यतः न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकसला, पकडणं हे त्याचं काम. सिकलसेलच्या मुलांत विळे याच गाळणीत आधी अडकतात. लहानपणीच प्लीहा आतून मरत जाते, पुढे आक्रसून नावापुरती उरते. प्रतिकारशक्तीचा पहारेकरीच गेला, की जो ताप आपल्याला तीन दिवस झोपवतो तो अशा मुलाला एका रात्रीत नेऊ शकतो. म्हणून या मुलांना लहानपणी पेनिसिलिन देतात, न्यूमोकॉकसची लस देतात, आणि ताप आला की वाट न बघता दवाखाना गाठायला सांगतात. माझ्या त्या पत्रातल्या ओळीचा अर्थ मला असा पंधरा वर्षांनी कळला.

मला खरा राग येतो तो तारखांचा. शिकागोत जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींची पहिली नोंद छापली १९१० मध्ये. हा रेणूचा आजार आहे हे लायनस पॉलिंग यांनी दाखवलं १९४९ मध्ये. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल नागपूरच्या डॉक्टरांनी लिहिलं १९५८ मध्ये. आपण बाराखडी गिरवत होतो त्या दशकात शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’च्या सुरुवातीच्या अभ्यासांत सिकलसेल होता. शिकागोहून नागपूर, नागपूरहून गडचिरोली. आपल्या शाळेच्या मैदानावर मात्र १९९५ मध्येही तो बहाणाच होता.

आता माझा रिपोर्ट. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी पुण्यात डॉक्टरांनी सहज विचारलं, “माहेर कुठलं?” मी म्हटलं, सिंदेवाही, चंद्रपूर जिल्हा. त्यांनी लगेच एक चाचणी वाढवली. रिपोर्ट आला : ‘एएस’. म्हणजे दोन प्रतींपैकी एक जनुक चांगलं, एक सिकलचं. मी वाहक आहे. वाहकाला साधारण काही होत नाही. मला कधी काही झालं नाही, आणि हा ‘अर्धा आजार’ही नाही. पण त्याच दिवशी नवऱ्याचं रक्त पाठवावं लागलं. तो साताऱ्याकडचा, तरी डॉक्टर म्हणाल्या, अंदाज नको. एक कारण असंही की जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक असला तरी मूल आजारी होऊ शकतं. रिपोर्ट यायला सहा दिवस लागले. पोटात चार महिन्यांचं बाळ होतं. त्या सहा दिवसांत मी फक्त त्याचा विचार करत होते, खेळाच्या तासाला कडेला बसलेल्या त्याचा. नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल आला. माझ्या मुलीचा रिपोर्ट काय आहे ते मी इथे सांगणार नाही. तो तिचा आहे.

गणित सोपं आहे, पण त्यात एक गैरसमज नेहमी होतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’, म्हणजे आजारी, होण्याची शक्यता २५ टक्के. याचा अर्थ चारांत एक आणि बाकी तीन सुटले असा नाही. पहिलं आजारी निघालं म्हणून दुसरं सुरक्षित नाही. छापा-काट्याच्या नाण्याला मागचा डाव आठवत नसतो. एक वाहक आणि एक नॉर्मल असेल तर सिकलसेलचं आजारी मूल होत नाही, निम्मी शक्यता वाहक होण्याची. दोघेही वाहक असले तरी सगळं संपत नाही. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. फक्त आधी माहीत असायला हवं.

आता जे कुजबुजत बोललं जातं ते मोठ्याने बोलते. हा आजार अमक्या जातीचा, तमक्या जमातीचा, असं आपल्याकडे म्हणतात, आणि म्हणून लोक तपासणी टाळतात. बौद्ध, गोंड, परधान, माडिया या समाजांत प्रमाण जास्त आढळतं हे खरं, आणि इतरांतही तो सापडतो हेही खरं. कारण मात्र रक्ताच्या ‘शुद्धते’त नाही, डासात आहे. १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या कामावरून दाखवलं की वाहकांना फॅल्सिपेरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. परजीवी शिरलेली वाहकाची पेशी लवकर वाकते आणि प्लीहा तिला परजीवीसकट गाळून टाकते. जंगल, तळी, बोड्या, धानाच्या बांध्या आणि मलेरिया यांत जे पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यांच्यात हे अक्षर टिकलं, कारण त्याने लेकरं वाचवली. ज्यांच्या वाट्याला दोन प्रती आल्या, त्यांनी त्याची किंमत मोजली. त्यांना मलेरिया झाला तर तो उलट जास्त घातक.

आपल्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे सगळ्यांना माहीत आहेत. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात त्यांना काही ओंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वाढवल्या, आणि आपण आज ‘एचएमटी’ जेवतो. ओंबी वेगळी का दिसली? शेवटी जनुकांतल्याच फरकाने. फरक चांगला की वाईट हे अक्षरावर लिहिलेलं नसतं. ते कुठल्या बांधीत पडतं त्यावर असतं.

उपचाराबद्दल थोडक्यात. आईच्या पोटात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं, त्यात ही चूक नसते. म्हणून आजारी बाळही पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. पुढे तो प्रकार बंद होतो. पण त्याचा कोड पुसला जात नाही, फक्त थांबवलेला असतो. हायड्रॉक्सियुरिया नावाची रोजची गोळी तो थोडा पुन्हा चालू करते आणि दुखण्याचे झटके बऱ्याच जणांत कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अधूनमधून रक्त तपासत घ्यायची, आणि गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. २०२३ च्या शेवटी अमेरिकेत जनुक-संपादनाचा उपचारही मान्य झाला, तोही याच थांबलेल्या कोडवर चालतो. किंमत २२ लाख डॉलर. आपण गोळीबद्दलच बोलू.

१ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी त्यात ठरली आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकतं. शिक्षक असलेल्या मित्रांनो, परीक्षेतल्या वाढीव वेळेची चौकशी अशा विद्यार्थ्यासाठी तुम्हीच करू शकता. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी उभी केली, त्यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ते डॉक्टर नव्हते, म्हणून मला इथे उभं राहायचा थोडा धीर आला.

एक गोष्ट मला खटकते. लग्नाच्या बोलणीत रिपोर्ट मागितला जातो तो मुलीचा. आपल्यातल्या काहींची मुलं बावीस-तेवीसची आहेत, स्थळं बघणं सुरू आहे. मुलाचाही करा, आणि बोलणी ठरायच्या आधी करा, साखरपुड्यानंतर नाही. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणाऱ्या पहिल्या चाचणीत मिश्रण गढूळ झालं, तर पुढची तपासणी लागते. वाहक की आजारी हे त्या दुसऱ्या चाचणीतच कळतं. पहिल्यावर घाबरून जाऊ नका.

स्वयंपाकघराच्या दारातून मला केव्हाच्या खुणा चालल्या आहेत, भात निवतोय म्हणे. जेवणानंतर मी मागच्या वऱ्हांड्यात बसते. कोणाकडे घरातला जुना रिपोर्ट असेल आणि त्यावरची अक्षरं कळत नसतील, तर घेऊन या, मिळून वाचू.