माळावरचे बिनतारी केंद्र



मी या शास्त्रातली कोणी पंडिता नव्हे. पण कोल्हापूरकडील हौशी रेडिओचालकांच्या एका लहानशा गटाबरोबर मी एक दिवस काढला, त्याची हकीकत सांगावी अशी आपल्या चिटणीसबाईंची आज्ञा आहे.

या उपक्रमाला 'फील्ड डे' म्हणतात. १९३३ साली अमेरिकेत ही प्रथा सुरू झाली. घरची वीज घ्यायची नाही, घरावरची एरियल वापरायची नाही. उघड्या रानात केंद्र उभारून दूरदूरच्या केंद्रांशी बोलायचे. म्हटले तर खेळच. पण २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपण पाहिला आहे. महामार्ग बंद, गावेच्या गावे अंधारात, नदीपलीकडच्या माहेरचा निरोप कळेना. तेव्हा हा खेळ कशासाठी, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

कोडोलीबाहेरच्या माळावर, जोतिबाचा डोंगर समोर दिसेल अशा जागी, आम्ही सामान उतरवले. दोन उंच बांबू रोवले आणि मधे दोन्ही अंगांना दहा-दहा मीटर तार ताणली. चाळीस मीटरच्या पट्ट्याला एवढी लागते. वाळवणाची दोरीच दिसत होती ती! मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी जोडली, की केंद्र तयार. यंत्राची शक्ती शंभर वॉट, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याइतकी. तेवढ्यावर शेकडो मैलांवरचा माणूस बोलताना ऐकू येतो.

परवाना नसलेल्याने माईकला हात लावायचा नाही. म्हणून माझ्याकडे नोंदवही आली. कोणते केंद्र, किती वाजता, आवाज कसा, सारे लिहायचे. वेळ मात्र आपली नव्हे, जागतिक; आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. दुपारी भाकरी सोडली तेव्हा वहीत सकाळचे साडेसात!

मग सरावाचे निरोप सुरू झाले. "औषध हवे, रुग्ण सात." खरखरीत पलीकडच्याने ऐकले, साठ! म्हणून आकडा सुटा सुटा सांगायचा: साठ असेल तर 'सहा, शून्य'. ऐकणाऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा, आणि सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय पुढे जायचे नाही. मला वाटते, यंत्रापेक्षा हीच खरी विद्या. सात माणसांना साठांचे औषध पोचले तर चालेल एक वेळ. साठांना सातांचे पोचले तर काय होईल?

हे बायकांचे काम नव्हे असे एक गृहस्थ तेथे म्हणाले. त्यांना मी दिल्लीच्या भारती प्रसाद यांची गोष्ट सांगितली. डिसेंबर २००४ मध्ये त्या अंदमानात पोर्ट ब्लेअरला हौशी केंद्र चालवीत होत्या. २६ तारखेला भूकंप झाला, त्सुनामी आली, बेटांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. बाईंनी यंत्र पुन्हा मांडले आणि पुढचे कित्येक दिवस बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातलगांना कळवली. गृहस्थ गप्प झाले, आणि थोड्या वेळाने स्वतःच माझ्यासाठी चहा घेऊन आले.

परवान्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते. खालच्या श्रेणीला मोर्सची कट्टकडकट्ट येण्याची अट नाही. थोडे विजेचे ज्ञान आणि नियम यावे लागतात. बारा वर्षे पुरी झालेली मुलगीही बसू शकते. ज्यांना अभ्यास करायचा असेल, लेकी किंवा सासवा, त्यांनी सभा संपल्यावर मला नावे द्यावीत.