प्राध्यापक माकिनो यांचा यंत्रहात

यंत्रमानव हा शब्द कानी पडला की माणसासारखी चालणारी-बोलणारी पोलादी आकृती डोळ्यांपुढे उभी राहते. कारखान्यात प्रत्यक्ष राबणारा यंत्रमानव मात्र बहुधा नुसता एक हातच असतो. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सी येथील कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा असा हात कामास लागला. तापलेले ओतीव भाग उचलून ठेवणे, हे त्याचे काम. परंतु जड वस्तू उचलणे निराळे आणि सुटे भाग एकमेकांत बसवून वस्तू तयार करणे निराळे.

नेमक्या मापाच्या भोकात बारीक खुंटी बसवावयाची असेल, तर केसभर चूकही भोवते. यंत्राचा हात ताठ असला तर खुंटी काठाला अडकून बसते. सर्व बाजूंनी सैल असला तर ती आत दाबताच येत नाही. माणसाची बोटे मात्र खुंटी अडताच नकळत किंचित बाजूला सरतात आणि खालचा दाब तसाच ठेवतात. ही जाण यंत्राला कोठून यावी?

जपानमधील यामानाशी विद्यापीठाचे प्राध्यापक हिरोशी माकिनो यांनी या प्रश्नाचे उत्तर १९७८ साली पहिला नमुना बांधून दिले. यंत्राला अधिक बुद्धी देण्याऐवजी त्यांनी त्याचा सांगाडाच बदलला. खांदा आणि कोपर हे दोन्ही सांधे त्यांनी उभ्या अक्षांभोवती फिरते ठेवले. बिजागऱ्यांवरचे दार बोटाच्या धक्क्याने बाजूला सरते, पण वरून कितीही दाबले तरी खाली झुकत नाही. माकिनो यांचा हातही तसाच! आडव्या दिशेने तो थोडा नमतो, उभ्या दिशेने ताठ राहतो. खुंटी आपली वाट आपणच शोधते. शिवाय हाताचे वजन सांध्यांच्या आधारांवर पडत असल्याने ते तोलण्यात मोटारींची शक्ती खर्च होत नाही आणि काम झपाट्याने उरकते.

‘स्कारा’ या नावाने ओळखला जाणारा हा हात विद्यापीठात अडकून पडला नाही. अनेक जपानी कंपन्यांचा एक संघ माकिनो यांच्याबरोबर संशोधनात सहभागी झाला होता. १९८१ पासून त्यांतील कंपन्यांचे यंत्रहात बाजारात येऊ लागले. विजेच्या व इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या जुळणीत त्यांचा प्रसार झाला. २००६ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या यंत्रमानवांच्या सन्मानयादीत ‘स्कारा’ला स्थान मिळाले.

या हातालाही मर्यादा आहेत. वस्तू तिरपी धरणे त्याला साधत नाही. म्हणून भाग वरूनच बसतील, अशी वस्तूची रचना करावी लागते. आणखीही एक प्रश्न उरतो. दिवसभर तीच हालचाल करून शिणणाऱ्या बोटांना यंत्राने विश्रांती दिली, हे खरे; पण त्या बोटांवर ज्यांची चूल पेटत होती, त्यांना नवे कौशल्य आणि नवे काम कोणी द्यावयाचे? त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही. ते कारखानदार आणि समाज यांनी द्यावयाचे आहे. कोठे ताठ राहावे आणि कोठे नमते घ्यावे, हा विवेक माकिनो यांनी पोलादाला दिला. तो माणसांच्या व्यवहारातही उतरला, तरच या शोधाचे खरे सार्थक होईल.