बेरीज बरोबर, दिसणं चुकीचं : एक्सेलचं कस्टम फॉरमॅट

आजचा भाग एक्सेलचा आहे, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

नोकरीचं पहिलं वर्ष. एका कारखान्यात ओव्हरटाइमचा महिन्याचा रिपोर्ट माझ्याकडे होता. रोजचे तास भरायचे, खाली बेरीज मारायची, प्रिंट काढून अकाउंट्सला द्यायची. एकदा पगारानंतर एक ऑपरेटर काका माझ्या टेबलापाशी आले. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, "मॅडम, महिनाभर थांबलोय मी. अडीच तासच कसे काय?" शीट उघडली, तर खरंच २:३० दिसत होतं. मग एकेक दिवस कागदावर मोजला. ५० तास ३० मिनिटं झाली.

आता गंमत अशी, की एक्सेलची बेरीज चुकलीच नव्हती. एक्सेल वेळ मोजतं दिवसांत. २४ तास म्हणजे १, १२ तास म्हणजे ०.५. साडेपन्नास तास म्हणजे दोन दिवस आणि वर अडीच तास. आणि वेळेचं साधं फॉरमॅट भिंतीवरच्या घड्याळासारखं वागतं. दोन दिवस उलटून गेले हे घड्याळ कुठे सांगतं? ते फक्त अडीच दाखवतं. आतला आकडा बरोबर होता, वर दिसणारा चुकीचा होता, आणि पैसे निघाले दिसणाऱ्या आकड्यावर. समजा तासाला ८० रुपये दर असेल, तर ४,०४० च्या जागी २०० रुपये!

यावर उपाय एका कंसाचा आहे. सेल निवडा, कंट्रोल आणि १ दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात नंबरच्या टॅबमध्ये सगळ्यात खाली 'कस्टम' असतं. तिथे एच चौकोनी कंसात टाका, मग कोलन, मग दोनदा एम. त्या कंसाचा अर्थ, तास २४ ला तोडू नकोस, पुढे मोजत राहा. झालं, ५०:३० दिसतं. गुगल शीट्समध्ये फॉरमॅट मेनूतल्या नंबरखाली 'ड्युरेशन' तयारच आहे. आणि रक्कम फॉर्म्युल्यातून काढणार असाल, तर तासांच्या सेलला आधी २४ ने गुणा, मग दराने. थेट दराने गुणलंत तर दिवसांचे पैसे येतील, तासांचे नाही.

तर मुद्दा हा, की सेलमध्ये दोन गोष्टी असतात. आत असलेला आकडा आणि त्याने घातलेला शर्ट. कस्टम फॉरमॅट फक्त शर्ट बदलतं. माझ्या बाबतीत शर्टाने फसवलं, पण नीट वापरला तर हाच रिपोर्ट सोपा करतो.

उदाहरणार्थ, 'निरंक'. सरकारी तक्ते भरलेत त्यांना हा शब्द चांगलाच ओळखीचा असेल. बरेच जण शून्याच्या जागी तो टाइपच करतात. तिथे घोळ होतो. समजा तीन महिन्यांच्या तक्रारी आहेत ३०, ३० आणि ०. सरासरी २०. शून्याच्या जागी शब्द टाइप केलात, की सरासरीचा फॉर्म्युला तो महिना सोडूनच देतो आणि ३० सांगतो! त्यापेक्षा ० च ठेवा आणि फॉरमॅट द्या :

#,##0;-#,##0;"निरंक"

अर्धविरामाने कप्पे पडतात. पहिला धन आकड्यांचा, दुसरा ऋण, तिसरा शून्याचा. चौथाही असतो, मजकुराचा, पण तो क्वचितच लागतो. (कोडमधले अंक इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका हं.)

आता आपला लाडका विषय, लाख आणि कोटी. तुमच्या लॅपटॉपवर १२,३४,५६७ दिसतं आणि तीच फाइल साहेबांकडे १,२३४,५६७ होते. असं का? कारण स्वल्पविराम कुठे पडणार हे एक्सेल त्या-त्या कॉम्प्युटरच्या रीजन सेटिंगवरून ठरवतं. सगळीकडे लाखच दिसायला हवेत, तर हा कोड :

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

कोटीच्या वर असेल तर असं, लाखाच्या वर असेल तर तसं, नाहीतर साधं. बॅकस्लॅश म्हणजे पुढचं चिन्ह आहे तसं छाप. मात्र अटी दोनच घालता येतात, त्यामुळे ऋण आकडे तिसऱ्या कप्प्यात पडतात आणि लाखाच्या वरचा तोटा पुन्हा परदेशी पद्धतीने दिसू शकतो. तोट्याच्या कॉलमला वेगळं फॉरमॅट द्या.

आणि अख्खा आकडा नकोच असेल, नुसतं '१२.३५ लाख' हवं असेल तर? शेवटी टाकलेला स्वल्पविराम आकड्याला हजाराने भागतो. लाखाने भागणारं चिन्हच नाही. मग थोडा जुगाड :

0\.00," लाख"

१२,३४,५६७ ला हजाराने भागून झाले १,२३५, आणि शेवटच्या दोन अंकांआधी आपण टिंब नुसतं छापलं. १२.३५ लाख! मला हा जुगाड फार आवडतो.

फक्त एक गोष्ट मीटिंगआधी बघून ठेवा. गोल केलेले आकडे हाताने जोडले तर जुळतीलच असं नाही. तीन खर्च प्रत्येकी १०.४, फॉरमॅटमध्ये दशांश लपवलात, तर दिसणार १०, १०, १० आणि बेरीज ३१. कोणीतरी मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढणारच. तक्त्याखाली 'आकडे जवळच्या पूर्णांकात' अशी ओळ टाकून ठेवा.

हो, त्या काकांचं राहिलंच. फरकाचे पैसे पुढच्या पगारात निघाले. मग मी मागचे महिनेही उघडले आणि २४ तासांच्या वर गेलेली प्रत्येक बेरीज नव्या फॉरमॅटने तपासली. आणखी चार नावं निघाली. त्यांच्यापैकी कोणीच विचारायला आलं नव्हतं.

पुढच्या भागात तारखांचं बघू. भेटूच!