पोरीचा खेळ बंद करू नका



कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या दवाखान्यात हल्ली एक तक्रार वरचेवर येते. आई पोरीला बाहेर बसवून एकटीच आत येते आणि हळूच सांगते, "डॉक्टरबाई, हिच्या छातीत गाठ आलीया. एकाच बाजूला. वाईट तर काही नसंल न्हवं?" पोरगी आठ-साडेआठ वर्षांची, तिसरीतली. तपासल्यावर बहुतेक वेळा कळतं की ही वयात येण्याची पहिली खूण आहे. ती एका बाजूला आधी दिसते, जरा दुखते, मग काही महिन्यांनी दुसऱ्या बाजूला. तिला चोळू नका, शेकू नका. काढून टाकायचा विचार तर मुळीच नको, कारण तिच्यातूनच पुढे स्तन घडतो. पाळी येते त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी.

मुलगी लवकर वयात येण्यामागं वजनही असतं. आता यात वजनाचा संबंध कुठं आला? 1970 साली अमेरिकेत रोझ फ्रिश आणि रॉजर रेव्हेल यांनी मांडलं, की मुलीचं वजन 47 किलोच्या आसपास पोचलं की पाळी सुरू होते. तो आकडा पुढं टिकला नाही. रोख मात्र बरोबर होता. 1994 मध्ये लेप्टिन सापडलं. हे संप्रेरक चरबीच्या पेशी रक्तात सोडतात आणि अंगात साठा पुरेसा आहे हे मेंदूला त्यावरून कळतं. शिवाय चरबीत थोडं इस्ट्रोजेनही तयार होतं. म्हणून अंगानं भरलेल्या मुली सरासरीनं लवकर वयात येतात. सरासरीनं म्हणते, कारण घराण्याचाही वाटा मोठा. आईला पाळी कधी आली हे मी आधी विचारते. कोरोनाच्या टाळेबंदीत मैदानं बंद, मोबाईल हातात. त्या काळात अकाली वयात येणाऱ्या मुली वाढल्याचं इटलीतल्या आणि आपल्या पुण्यातल्या डॉक्टरांनी नोंदवलं.

"आमची तर बारीकच आहे," असंही काही आया म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलंय, की आपली बाळं जन्मतःच वजनाला हलकी, पण चरबीला पुढं असतात. तेव्हा नुसत्या काट्यावर जाऊ नका. वजन उंचीशी ताडून बघा, पोटाचा घेरही बघा.

दोष मात्र आपण दुधाला देतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारं हे गाव, पण पोरगी लवकर वयात आली की "म्हशीला इंजेक्शन देतात ना" हे ठरलेलं. ते इंजेक्शन कायद्यानं बंद आहे आणि बंदच असावं. पण त्यातलं ऑक्सिटोसिन माणसाच्या पोटात पचून जातं, आणि मुलीला वयात आणणारं संप्रेरक ते नव्हेच. कोंबडीवरही संशय घेतात, पण ब्रॉयलर कोंबडी लवकर वाढते ती वाणामुळं आणि खाद्यामुळं. क्लासवरून येताना रोज घेतलेला कुरकुऱ्यांचा पुडा आणि गार बाटली यांचं नाव कुणी काढत नाही.

आठ वर्षांच्या आत बदल दिसले तर मात्र डॉक्टरांना दाखवा. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला की हाडांचं वय कळतं. हाडं लवकर पिकली तर त्यांची वाढही लवकर थांबते. तिसरीत वर्गात सगळ्यांत उंच असलेली पोरगी दहावीत ठेंगणी राहू शकते. वयात येणं लांबवणारी इंजेक्शनं आहेत, ती सगळ्यांना लागत नाहीत. आणि पाळी म्हणजे काय ते आधीच सांगून ठेवा. सरकारची सॅनिटरी पॅडची अस्मिता योजना 2018 मध्ये आली ती 11 ते 19 वर्षांच्या मुलींसाठी. पाळी काहींना दहाव्या वर्षीच गाठते.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. पोरीच्या अंगात बदल दिसला, की घरातून पहिला हुकूम सुटतो: आता खेळायला जायचं नाही. आपल्या नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांची नावं आपण छाती फुगवून सांगतो. फुटबॉलसाठी पेठापेठांत चुरस लागते. आणि नऊ वर्षांच्या पोरीला ओढणी देऊन खोलीत बसवतो! तिथं ती खाते, मोबाईल बघते, वजन आणखी वाढतं. दिसायला मोठी झाली तरी ती तिसरीतलीच पोर आहे. तिला जाडी म्हणून चिडवू नका, उपाशी ठेवू नका. तिच्या मापाचा बंडी-स्लिप घ्या आणि संध्याकाळी तासभर मैदानावर पाठवा. आजी नको म्हणाल्या, तर त्यांना माझं नाव सांगा.