कर्कटक आणि डोळा

रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थालाही त्यांतील अक्षरांचें वळण कोणीं ठरविलें, असा प्रश्न सहसा पडत नाहीं. वाचकाचें लक्ष अर्थाकडे असतें. अक्षरें आपलें काम करून निमूटपणें बाजूस होतात. परंतु एकेका वळणामागें कोणाचे तरी वर्षानुवर्षांचे श्रम असतात. 'फ्युचुरा' हें रोमन लिपीचें वळण असेंच आहे.

पॉल रेनर या जर्मन चित्रकारानें आंखलेलें हें वळण फ्रँकफुर्ट येथील बाउअर या खिळे ओतणाऱ्या कारखान्यानें १९२७ सालीं बाजारांत आणलें. त्या काळीं जर्मनींत पुष्कळशीं पुस्तकें टोंकदार, मोडक्या रेघांच्या गॉथिक अक्षरांत छापलीं जात. रेनरनें वर्तुळ, त्रिकोण आणि चौरस यांचा आश्रय केला व अक्षरांच्या टोंकांच्या बारीक शेपट्या काढून टाकल्या. मोठ्या अक्षरांचें प्रमाण मात्र त्यानें प्राचीन रोमन शिलालेखांवरून घेतलें. त्यामुळें त्यांत 'ई' अरुंद, तर 'ओ' ऐसपैस दिसतो.

पाहणाऱ्यास वाटावें, पट्टी आणि कर्कटक घेऊन हें काम शाळेंतला मुलगाही करील. खरी मेख येथेंच आहे. एकाच उंचीचे चौरस व वर्तुळ शेजारीं ठेवले, तर वर्तुळ लहान भासतें. सारख्याच जाडीच्या दोन रेघांत आडवी रेघ उभीहून जाड दिसते. कमान जेथें उभ्या दांड्यास मिळते, तेथें काळा डाग पडल्यासारखा वाटतो. म्हणून गोल अक्षरें ओळीच्या किंचित् खालीं उतरविलीं, आडव्या रेघा बारीक केल्या, सांधे निमुळते केले. हें वळण भूमितीस धरून दिसतें, तें भूमिती जागोजागीं थोडी मोडल्यामुळेंच!

मथळे, जाहिराती, पाट्या यांत फ्युचुरा आजही शोभतें. सबंध पुस्तक त्यांत वाचावयाचें, तर गोल अक्षरें एकमेकांसारखीं भासून डोळा शिणतो.

रेनरनें १९३२ सालीं नाझींच्या सांस्कृतिक मतांविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. पुढल्याच वर्षीं हिटलर सत्तेवर आला. रेनरला अटक झाली आणि म्यूनिच येथील मुद्रणशाळेचें त्याचें प्रमुखपद गेलें. नवल असें कीं, ज्या गॉथिक अक्षरांना त्या राजवटीनें खरीं जर्मन म्हणून गौरविलें, तींच तिनें १९४१ सालीं यहुदी ठरवून बंद केलीं. रेनर १९५६ सालीं वारला. पुढें जुलै १९६९ मध्यें माणूस प्रथम चंद्रावर उतरला, तेव्हां अखिल मानवजातीच्या वतीनें शांततेनें आल्याचा संदेश तेथें एका धातूच्या पट्टीवर ठेवण्यांत आला. तीं अक्षरें फ्युचुराचीं होतीं.

कर्कटक वर्तुळ काढून देतें; त्या वर्तुळाचें अक्षर झालें कीं नाहीं, याचा निवाडा शेवटीं डोळ्यासच करावा लागतो.